जॅकार्ड: चादरीच्या मागापासून सीएनसी मशीनपर्यंत

सोलापुरी चादर तुमच्या घरात असेलच. ती एकदा उलटी करून बघा. नक्षी छापलेली नाही, विणलेली आहे. म्हणजे विणताना प्रत्येक ओळीत कोणता धागा वर घ्यायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे कुणीतरी मागाला सांगितलेलं असतं. हे सांगणाऱ्या यंत्रणेला जॅकार्ड म्हणतात. आणि जॅकार्ड हे एका माणसाचं नाव आहे.

मी टेंभुर्णीचा. सोलापूर आमच्यापासून हायवेने दीडेक तासावर, त्यामुळे चादरी लहानपणापासून पाहिलेल्या. पण त्या मागाचा आणि सीएनसी मशीनचा संबंध मला इंजिनिअरिंगला असताना कळला. आम्ही काही मित्र जुन्या डेस्कटॉपच्या पॅरलल पोर्टला स्टेपर मोटर जोडून छोटं राउटर मशीन बनवत होतो. तेव्हा कॉम्प्युटरने मशीन चालवायची कल्पना नेमकी आली कुठून, हे शोधत मागे मागे गेलो आणि थेट फ्रान्समधल्या एका विणकराच्या घरात पोचलो.

विणकराचा मुलगा

जोसेफ मारी जॅकार्डचा जन्म ७ जुलै १७५२ चा, फ्रान्समधल्या ल्यों शहरातला. ल्यों हे रेशमाचं गाव. वडील विणकर, घरातच माग. जोसेफ शाळेत गेला नाही. तेरा वर्षांचा झाल्यावर बहिणीच्या नवऱ्याने त्याला लिहाय-वाचायला शिकवलं.

त्या काळी नक्षीचं रेशीम विणायला एका मागावर दोन माणसं लागायची. विणकर खाली बसून आडवा धागा टाकायचा. दुसरा, बहुतेक वेळा एखादा पोरगा, दोऱ्यांचे जुडगे ओढून उभे धागे वर उचलायचा. प्रत्येक ओळीला वेगळे दोरे. दिवसभर हेच काम, आणि दोऱ्यांना वजनही भरपूर. एक दोरा चुकला तर नक्षी बिघडली. म्हणजे कापडाचा 'प्रोग्राम' त्या पोराच्या हातात असायचा.

१७७२ मध्ये वडील गेले. घर आणि माग जोसेफच्या वाट्याला आले. १७७८ मध्ये त्याने क्लॉदीन नावाच्या विधवेशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. पण धंदा जमला नाही. कर्ज झालं, मालमत्ता विकावी लागली.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. १७९३ मध्ये ल्यों शहराने पॅरिसच्या सरकारविरुद्ध बंड केलं. जॅकार्ड आणि त्याचा किशोरवयीन मुलगा शहराच्या बाजूने लढले. शहर पडलं, दोघं पळाले आणि पुढे सैन्यात भरती झाले. तिथे एका लढाईत मुलगा बापाच्या शेजारीच मारला गेला. चाळिशी ओलांडलेला जॅकार्ड एकटाच ल्योंला परत आला. ज्या कामासाठी जग त्याला ओळखतं, ते सगळं यानंतरचं आहे.

जुन्या भागांतून नवं मशीन

जॅकार्डने सगळं शून्यातून शोधलं, असं मात्र नाही. १७२५ मध्ये बाझील बूशों याने भोकं पाडलेला कागद वापरून धागे निवडायची युक्ती काढली होती. थोड्याच वर्षांत फाल्कोंने कागदाऐवजी एकमेकांना जोडलेली कार्डं आणली. १७४५ च्या सुमारास वोकान्सोंने निवडीची यंत्रणा मागाच्या डोक्यावर बसवली. या तिघांचीही यंत्रं सगळीकडे पसरली नाहीत.

१८०१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जॅकार्डच्या एका मागाला ब्राँझ पदक मिळालं. पुढे मासेमारीचं जाळं विणणाऱ्या त्याच्या मशीनमुळे त्याला पॅरिसला बोलावलं गेलं. तिथल्या तांत्रिक संग्रहालयात वोकान्सोंचा माग होता. तो त्याने बारकाईने पाहिला. मग फाल्कोंची कार्डं आणि वोकान्सोंची रचना एकत्र आणून १८०४-०५ मध्ये त्याने आपली यंत्रणा उभी केली.

ती चालते अशी. प्रत्येक उभ्या धाग्यासाठी एक आकडा आणि त्याला जोडलेली एक आडवी सुई. सुयांच्या पुढ्यात पुठ्ठ्याचं कार्ड येतं. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, आकडा जागेवर राहतो आणि धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो आणि धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे कापडाची एक ओळ. ओळ झाली की पुढचं कार्ड. नक्षी बदलायची असेल तर कार्डांची माळ बदलायची, मागाला हात लावायची गरज नाही.

हे पॅरलल पोर्टसारखं कसं?

जुन्या कॉम्प्युटरमागचा २५ पिनांचा पोर्ट आठवतोय? मुळात तो प्रिंटरसाठी होता. त्यात डेटाच्या ८ पिना असतात. प्रत्येक पिन एका वेळी चालू किंवा बंद, आणि आठही एकदमच बदलता येतात. कार्डावरची भोकं हेच करतात: सगळ्या सुयांना एकाच क्षणी 'हो' किंवा 'नाही' सांगतात. फक्त इथे पुठ्ठ्याऐवजी व्होल्टेज असतं.

हौशी सीएनसीत एक पिन स्टेपची, एक दिशेची. स्टेपच्या पिनवर एक पल्स गेला की मोटर एक पाऊल फिरते. साध्या स्टेपर मोटरचे २०० पल्समध्ये एक फेरा होतो. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकत असेल, तर एका पल्सला टूल ०.०२५ मिमी सरकतं. तीन अक्षांना सहा पिना पुरतात. जी-कोडची फाइल म्हणजे आपली कार्डांची माळ.

कार्डापासून इथपर्यंतची साखळीही खरी आहे. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणन-यंत्रासाठी जॅकार्डची कार्डं घेतली. हर्मन हॉलरिथची पंच कार्डं १८९० च्या अमेरिकन जनगणनेत वापरली गेली. जॉन पार्सन्सने हेलिकॉप्टरच्या पात्यांची मापं पंच कार्डांच्या मशीनवर काढली. त्याच्याच कल्पनेवरून सुरू झालेल्या कामातून १९५२ मध्ये एमआयटीने भोकांच्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं.

मशीन कुणाचं?

१८०५ मध्ये नेपोलियन ल्योंला आला. त्याच वर्षी या मागाचे हक्क ल्यों शहराच्या नावे झाले. बदल्यात जॅकार्डला पेन्शन आणि काही वर्षं प्रत्येक मागामागे ठरावीक रक्कम. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे ११,००० माग चालू होते. कार्डांच्या यंत्रणेतल्या काही अडचणी पुढे ब्रेतोन नावाच्या कारागिराने १८१५ च्या सुमारास सोडवल्या, त्यानंतर प्रसार आणखी वाढला.

आपल्याकडच्या हौशी लोकांचं लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर असंच आलं. अमेरिकन सरकारच्या एका संस्थेत ते तयार झालं आणि सगळ्यांसाठी मोकळं सोडलं गेलं. म्हणून तर कॉलेजातली पोरं भंगारातल्या डेस्कटॉपवर सीएनसी चालवू शकतात.

पण ल्योंमध्ये सगळे खूश नव्हते. दोरे ओढणाऱ्यांचं काम गेलं. विणकरांनी मशीनं जाळली, जॅकार्डवर हल्लेही झाले. त्यांची भीती खोटी नव्हती. तरी शहरात माग कमी झाले नाहीत, वाढलेच. कार्डांवर नक्षी उतरवणं, भोकं पाडणं ही नवी कामं आली. मात्र विणकराच्या मजुरीचा प्रश्न सुटला नाही. १८३१ मध्ये ल्योंचे विणकर रस्त्यावर उतरले ते मजुरीच्या दरासाठी. म्हणजे भांडण शेवटी मशीनशी नव्हतं, मशीनने वाढलेल्या कमाईत कुणाचा किती वाटा, याचं होतं.

जॅकार्डला १८१९ मध्ये फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला. ७ ऑगस्ट १८३४ रोजी ल्योंजवळच्या उलँ गावी तो वारला. १८३९ मध्ये त्याचं एक चित्र त्याच्याच पद्धतीच्या मागावर रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली.

आपल्यासाठी यात काय?

एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा. सीएनसी आली तेव्हा त्यालाही तीच धास्ती होती: आपल्या हातातलं कसब आता फाइलमध्ये गेलं, मग आपण कशाला? याला सोपं उत्तर नाही. पण मशीनसमोर नुसतं बटण दाबणारा आणि जी-कोड वाचून त्यात बदल करू शकणारा, या दोघांच्या पगारात फरक पडतो.

आता नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट येत नाही. तेच काम काही शे रुपयांचा आर्डुइनो बोर्ड आणि त्यावरचं जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर करतं. मोबाइलवर सिम्युलेटरही मिळतात. सुरुवात करायची असेल तर तयार फाइल डाउनलोड करू नका. एक साधा चौकोन कागदावर काढा आणि त्याच्या चार ओळी जी-कोडमध्ये स्वतःच्या हाताने लिहा. कुठलं भोक कुठे पाडायचं हे कळलं, की मशीन तुमचं ऐकायला लागतं.