वसईचा गोन्सालो गार्सिया

रंगपंचमीस मढी येथे कानिफनाथांच्या समाधीपुढे लोटणारा समुदाय तिसगावकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. साधूची समाधी, तिथी व आख्याने यांभोवती लोकश्रद्धा कशी जडते, हे त्यांस निराळे सांगावयास नको. मध्ययुगीन युरोपातही हाच प्रकार होता. हुतात्म्याच्या अस्थींवर वेदी उभारावी, त्याच्या मृत्युदिनास स्वर्गातील जन्मदिन मानून उत्सव करावा व त्या दिवशी त्याचे चरित्र वाचावे, अशी तेथील वहिवाट. प्रारंभी संतपद लोकच देत; पुढे तो अधिकार पोपने आपल्या हाती घेतला. याच परंपरेने संतपदास पोचविलेला हिंदभूमीत जन्मलेला पहिला पुरुष आपल्या वसईचा होय.

गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई एतद्देशीय. येशूसंघाच्या पाद्र्यांपाशी शिकून तो त्यांच्यासमवेत जपानात गेला, तेथील भाषा त्याने आत्मसात केली व काही वर्षे धर्मोपदेशाच्या कामी त्यांस साह्य केले. परंतु संघप्रवेशाची त्याची आशा फळास आली नाही. हिंदी रक्ताच्या मनुष्यास ते द्वार त्या काळी बहुधा बंदच असे. त्याने व्यापार धरला. आणि अखेर मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा सेवकबंधू म्हणून शिरला. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाष्या होऊन तो जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभा राहिला.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. धर्मोपदेशकांच्या मागून स्पेनचे सैन्य येते, हा संशय बळावला व देहान्ताची आज्ञा सुटली. क्योतो येथे बंदिवानांच्या कानाचा तुकडा कापला गेला. ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. वसईचा किल्ला ज्याने पाहिला आहे, तो हिदेयोशीचा संशय सर्वस्वी निराधार म्हणणार नाही. तथापि साम्राज्याच्या आकांक्षेचे प्रायश्चित्त एका दुभाष्याने भोगावे, हा न्याय नव्हे.

१६२७ साली रोमने या हुतात्म्यांस धन्य ठरविले व ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. जिवंतपणी ज्यास संघाचे दार उघडले नाही, त्यास मरणानंतर वेदीवर स्थान मिळाले. हे वाचून हिंदूंनी ख्रिस्ती धर्मसंस्थेस हसू नये. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास भिंतीखाली सापडून गेले. त्यांची समाधी पंढरीस महाद्वारासमोर झाली. आणि त्यांच्या जातबांधवांस त्या द्वारातून आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर!

संताच्या समाधीवर फुले वाहण्यास काही पडत नाही. ज्या जातीत वा ज्या आईच्या पोटी तो जन्मला, तिच्या लेकरांस आपण आज आपल्या पंगतीस व पाणवठ्यावर कसे वागवितो, हे प्रत्येक भक्ताने यात्रेहून परतताना स्वतःस विचारावे.