न चाललेल्या यंत्राचा जनक : चार्लस् बॅबेज

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा त्यांच्या यशाकडे जाते. कोणी नवा देश शोधिला, कोणी रोगावर औषध काढलें, कोणी मोठें यंत्र चालवून दाखविलें, असें ऐकलें म्हणजे आपणांस आनंद वाटतो. आज आम्ही ज्या पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहों, त्याची गोष्ट याहून निराळी आहे. त्यानें आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें एकाच ध्यासांत घालविलीं. पण त्याच्या हयातींत त्याचें एकहि मोठें यंत्र पुरें झालें नाहीं. असें असूनहि संगणकाचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे आरंभीं नांव त्याचेंच घ्यावें लागतें. हा पुरुष म्हणजे इंग्लंडांतील गणिती चार्लस् बॅबेज होय.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजीं लंडन शहरीं झाला. त्याचा बाप बेंजामिन हा पेढीवाला असून घरची स्थिति चांगली होती. लहानपणीं मुलाची प्रकृति नाजूक असल्यामुळें त्याला कांहीं काळ लंडनपासून दूर, डेव्हन परगण्यांतील एका शाळेंत ठेविलें होतें. नवें खेळणें हातीं आलें कीं, ह्याच्या आंत काय आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असे. आणि उत्तरानें समाधान झालें नाहीं, तर तें खेळणें फोडून पाहिलें जाई! एकदां त्याच्या आईनें त्याला मर्लिन नांवाच्या कारागिराचीं यांत्रिक खेळणीं पाहावयास नेलें. तेथें असलेली चांदीची एक लहानशी नर्तकी त्याच्या मनांत भरली. पुढें पुष्कळ वर्षांनीं, १८३४ सालीं, तीच बाहुली त्यानें लिलांवांत विकत घेतली, स्वतः खटपट करून नीट केली, आणि आपल्या दिवाणखान्यांत मांडली. यंत्राचें अंतरंग पाहण्याची ही आवड त्याला जन्मभर सुटली नाहीं.

१८१० सालीं तो केंब्रिज येथें शिकावयास गेला. तेथील गणिताचें अध्यापन जुन्या वळणाचें होतें. म्हणून युरोपखंडांतील नवीन गणिताचा प्रसार व्हावा ह्या हेतूनें त्यानें १८१२ सालीं जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक इत्यादि मित्रांसह एक मंडळ स्थापिलें. १८१४ सालीं त्याला पदवी मिळाली व त्याच वर्षीं जॉर्जियाना व्हिटमोर हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १८१६ सालीं तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. आणि १८२८ पासून १८३९ पर्यंत, न्यूटननें एके काळीं भूषविलेलें केंब्रिजमधील गणिताच्या प्राध्यापकाचें पद त्याच्याकडे होतें.

आतां त्याच्या जीवितकार्याचा आरंभ कसा झाला, तें सांगतों. त्या काळीं लॉगरिथम, तारकांचीं स्थानें वगैरेंचीं कोष्टकें छापलेलीं असत व त्यांवर विसंबून खलाशी समुद्रांत आपलें ठिकाण ठरवीत. हीं कोष्टकें माणसें हातांनीं तयार करीत. गणित करतांना चूक होई, उतरून घेतांना चूक होई, आणि छापखान्यांत खिळे जुळवितांना तर होईच होई. १८२१ सालीं बॅबेज व हर्शेल हे दोघे मित्र अशींच कांहीं कोष्टकें पडताळून पाहत बसले होते. चुकीवर चूक सांपडूं लागली. तेव्हां, हें गणित वाफेच्या यंत्रानें झालें असतें तर किती बरें झालें असतें, असा उद्गार बॅबेजच्या तोंडून निघाला. आणि तोच विचार पुढें त्याच्या मानेवर कायमचा बसला.

त्यानें योजिलेल्या यंत्राचें तत्त्व आमच्या लहान विद्यार्थ्यांसहि समजण्याजोगें आहे. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. लागोपाठच्या संख्यांमधील अंतरें ३, ५, ७, ९ अशीं येतात. आणि त्या अंतरांमधील अंतर प्रत्येक वेळीं २ च येतें. म्हणजे उलट बाजूनें केवळ बेरीज करीत गेलें, तर गुणाकाराशिवाय वाटेल तितके वर्ग काढतां येतील. ९ मध्यें २ मिळविले कीं ११. २५ मध्यें ११ मिळविले कीं ३६. बेरीज हें काम दांतेरी चाकांना करतां येतें. अवघड भाग एवढाच कीं, नऊंच्या पुढें गेलें म्हणजे हातचा शेजारच्या चाकाकडे पोंचविला पाहिजे. अंतरांच्या ह्या पद्धतीवरून त्यानें आपल्या यंत्रास डिफरन्स एंजिन असें नांव दिलें.

१८२२ सालीं त्यानें एक लहान नमुना तयार केला. विद्वानांनीं वाखाणणी केली. ज्योतिषशास्त्राच्या मंडळानें सुवर्णपदक दिलें. आणि १८२३ सालीं सरकारनें १,५०० पौंडांची मदत मंजूर केली. जोसेफ क्लेमेंट ह्या निष्णात कारागिराकडे काम सोंपविण्यांत आलें. परंतु यंत्राचे भाग सुमारें २५,००० व्हावयाचे होते, आणि एकसारखे नेमके भाग हजारोंनीं घडविण्याची कला त्या काळीं नुकतीच जन्मास येत होती. वर्षें लोटलीं, खर्च वाढत गेला. मध्यंतरीं १८२७ सालीं बॅबेजवर दुःखाचा डोंगर कोसळला. एकाच वर्षांत त्याचा बाप, त्याची पत्नी व दोन मुलें मृत्यूनें ओढून नेलीं. मन सांवरण्यासाठीं तो कांहीं महिने युरोपांत फिरत राहिला.

१८३२ सालीं यंत्राच्या गणित करणाऱ्या अंगाचा सुमारें सातवा हिस्सा जुळवून झाला. तो तुकडा बिनचूक चाले व घरीं येणाऱ्या पाहुण्यांना बॅबेज तो फिरवून दाखवी. पण त्यानंतर लवकरच कारखाना हलविण्यावरून व नुकसानभरपाईवरून त्याचें व क्लेमेंटचें बिनसलें, आणि १८३३ सालीं काम थांबलें तें कायमचेंच. सरकारचे १७,००० पौंडांहून अधिक खर्च झाले होते. घडविलेले हजारों भाग पुढें मोडीच्या भावानें वितळविले गेले.

येथें बॅबेजच्या स्वभावाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. तो बुद्धीनें असामान्य, पण फटकळ होता. १८३० सालीं इंग्लंडांतील विज्ञानाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहून त्यानें रॉयल सोसायटीच्या कारभाऱ्यांना दुखविलें. दुसरा दोष याहून घातक होता. हातचें काम पुरें होण्यापूर्वींच त्याला त्याहून सरस कल्पना सुचे, आणि मग पहिलें काम त्याला फिकें वाटूं लागे. १८३४ पासून त्याच्या मनानें अ‍ॅनॅलिटिकल एंजिन ह्या नव्या यंत्राचा ध्यास घेतला. हें यंत्र केवळ बेरजा करणारें नव्हतें. संख्या साठविण्याचें कोठार निराळें, गणित करणारी गिरणी निराळी, आणि काय करावयाचें त्याच्या आज्ञा भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर. अशी त्याची रचना होती. पत्त्यांची ही युक्ति फ्रान्सांतील झाकार्डच्या रेशमी कापड विणणाऱ्या मागावरून घेतलेली होती. आजच्या संगणकांतहि स्मरण एकीकडे व गणित दुसरीकडे असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे बॅबेजची दृष्टि किती दूरवर गेली होती तें कळतें. लेडी लव्हलेस ह्या विदुषीनें १८४३ सालीं ह्या यंत्राविषयींच्या एका लेखाचें भाषांतर करून त्याला मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या. त्यामुळें तिचें नांवहि अमर झालें आहे.

नवें यंत्र कागदावरच राहिलें, आणि जुन्यासाठीं आणखी पैसा देण्यास १८४२ सालीं सरकारनें साफ नकार दिला. राजज्योतिषी एअरी ह्यानें असल्या यंत्राचा उपयोग नाहीं असा अभिप्राय दिला होता. तरीहि १८४७ ते १८४९ ह्या काळांत बॅबेजनें दुसऱ्या, अधिक सुटसुटीत डिफरन्स एंजिनाचे नकाशे काढले. त्यांत भागांची संख्या सुमारें ८,००० वर आणली होती. १८५२ सालीं तेहि सरकारनें नाकारले. पुढें स्वीडन देशांतील शॉइट्स ह्या पितापुत्रांनीं त्याच तत्त्वावर आपलें यंत्र पुरें केलें, तेव्हां बॅबेजनें मत्सर न करतां त्यांचा गौरव केला, हें त्याच्या मोठेपणास शोभलें. १८ ऑक्टोबर १८७१ रोजीं लंडन येथें त्याचा अंत झाला. हिंदुस्थानांत बंगालच्या फौजेंत नोकरी केलेला त्याचा पुत्र हेन्री ह्यानें मागें राहिलेल्या भागांतून कांहीं लहान तुकडे जुळविले व पित्याचे लेख प्रसिद्ध केले. पण जगाच्या दृष्टीनें बॅबेजचें यंत्र हें न चाललेलें यंत्रच राहिलें.

मग दोष कोणाचा? यंत्राची कल्पनाच चुकीची होती, कीं त्या काळची कारागिरी अपुरी होती, कीं पैसा व स्वभाव आड आले? शंभर वर्षांहून अधिक काळ हा वाद चालला. १९८५ सालीं लंडनच्या विज्ञान संग्रहालयानें तो सोडविण्याचा एकच खरा मार्ग धरिला. जपून ठेविलेल्या नकाशांवरून दुसरें डिफरन्स एंजिन प्रत्यक्ष बांधावयाचें, आणि भाग बॅबेजच्या काळीं साधली असती त्याहून अधिक नेमके घडवावयाचे नाहींत, असें ठरलें. डोरन स्वेड हा ह्या कामाचा प्रमुख होता; रेग क्रिक व बॅरी हॉलोवे ह्या दोघां अभियंत्यांनीं प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत यंत्र जुळविलें.

१९९१ सालीं यंत्र उभें राहिलें. पण दांडा फिरवूं लागतांच तें अडूं लागलें! जन्मशताब्दींपैकीं दुसरी, म्हणजे २६ डिसेंबर १९९१ ची तिथि जवळ येत होती. प्रदर्शन उघडलें तेव्हांहि यंत्र पुरतें चालत नव्हतें. अडचण अशी कीं, बॅबेजनें यंत्राचीं सर्व अंगें एकमेकांत घट्ट गुंतविलीं होतीं. एक भाग अलग करून तेवढाच फिरवून पाहण्याची सोय त्यानें ठेविलीच नव्हती. एक दांता अडला कीं सगळें यंत्र खिळून बसे, आणि मूळ कोठें आहे तें दिसत नसे. जोर करावा तर भाग मोडावयाचे. नकाशांतहि थोड्या चुका निघाल्या. हातचा पुढें नेणाऱ्या भागाची मांडणी काढल्याप्रमाणें ठेविली असती तर यंत्र चाललेंच नसतें. ती सुधारावी लागली. दांडा फिरविणें फार जड जात असल्यामुळें त्यास चार-एकाच्या प्रमाणाचीं चाकें जोडावीं लागलीं. बाकी सारें काम धिमेपणाचें होतें. अडलें कीं थांबावयाचें, एकेक जोड तपासावयाचा, एकच गोष्ट बदलावयाची, आणि पुनः फिरवून पाहावयाचें.

ह्या अडण्यांतच बॅबेजच्या बुद्धीचें एक मर्म दडलेलें आहे. त्यानें चाकांना अशा अडसरी योजिल्या होत्या कीं, एखादें चाक दोन अंकांच्या मध्यें लटकलें तर यंत्रानें पुढें न जातां तेथेंच थांबावें. यंत्र अडलें तरी चालेल, मोडलें तरी चालेल, पण त्यानें खोटें उत्तर देतां कामा नये, हा त्याचा कटाक्ष होता. खोट्या कोष्टकांच्या चिडीतून जन्मलेलें तें यंत्र होतें!

नोव्हेंबर १९९१ मध्यें त्या यंत्रानें १ पासून १०० पर्यंतच्या संख्यांचे सातवे घात ओळीनें काढून दाखविले; एकहि चूक झाली नाहीं. छापण्याचें अंग पुढें २००२ सालीं जोडण्यांत आलें. अकरा फूट लांब, सात फूट उंच व सुमारें पांच टन वजनाच्या त्या यंत्रानें निकाल दिला. कल्पना खरी होती, आणि त्या काळच्या मापाचे भागहि पुरेसे होते. उणीव पडली ती पैशाची, जुळवून घेण्याच्या वृत्तीची, आणि हातीं घेतलेलें एक काम तडीस नेण्याच्या चिकाटीची.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना सुटे भाग आणून घरीं संगणक जुळविण्याची हौस आहे, त्यांना ह्या चरित्राचा अर्थ विशेष कळेल. कळ दाबावी आणि पडदा काळाच राहावा, हा प्रसंग पुष्कळांवर येतो. अशा वेळीं कोणी सगळें सामानच टाकाऊ ठरवितो, तर कोणी एकदम दहा गोष्टी बदलून बसतो. दोन्ही मार्ग चुकीचे. वीज बंद करून आधीं तारा पाहाव्या. मदरबोर्डची मोठी तार लागलेली असून प्रोसेसरची वेगळी तार लावावयाची राहिलेली असते. मग अवश्य तेवढेच भाग ठेवावे, रॅमची एकच पट्टी बसवावी, आणि चाललें कीं एकेक भाग वाढवीत जावें. बॅबेजच्या यंत्रांत जी सोय नव्हती ती आपल्या यंत्रांत आहे, हें आपलें भाग्य होय. आणि सुरू होतांना संगणक स्वतःची तपासणी करून शिट्ट्या देत थांबला, तर रागावूं नये. तो खोटें काम करण्यापेक्षां थांबणें पसंत करीत आहे.

पालकांसहि आमची एवढीच विनंति आहे कीं, मूल एखाद्या विषयांत अडलें, तर त्याची सगळी बुद्धीच मंद आहे असा निकाल घाईनें देऊं नये. कोठें तरी एक हातचा राहिलेला असतो. तो शोधण्यास वेळ लागतो. बॅबेजच्या यंत्रास तर जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. पण जें अडलेलें आहे तें निकामी आहे असें नव्हे, हें त्या न चाललेल्या यंत्रानें अखेरीस चालून दाखविलें आहे.