ड्रेस वॉच की डाइव्ह वॉच? आधी हान्सला भेटा!

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आलाय, घरून घड्याळासाठी पैसेही मिळालेत, पण तुमचं काही ठरत नाहीये. ड्रेस वॉच घ्यायचं, म्हणजे पातळ, चामडी पट्ट्याचं, शर्टाच्या बाहीखाली अलगद जाणारं? की डाइव्ह वॉच, म्हणजे जाडजूड, फिरत्या रिंगचं, डायलवर २०० मीटर लिहिलेलं? गंमत बघा. आपल्या लोणारच्या विवराचा काठ आणि खालचं सरोवर यांत साधारण १३७ मीटरचं अंतर आहे. म्हणजे अख्खं विवर काठोकाठ भरलं तरी ते घड्याळ पुरून उरेल! पण एवढं खरंच लागतं का? उत्तरासाठी हान्स विल्सडॉर्फ या माणसाला भेटायला हवं.

हान्सचा जन्म १८८१ चा, जर्मनीतल्या कुल्मबाखचा. बाराव्या वर्षीच आई-वडील दोघंही गेले. मामा-काकांनी वडिलांचा धंदा विकून त्याला बोर्डिंग शाळेत घातलं. तिथे भाषा पक्क्या झाल्या आणि त्याच जोरावर त्याला स्वित्झर्लंडमध्ये घड्याळं निर्यात करणाऱ्या कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहाराचं काम मिळालं. १९०५ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने लंडनमध्ये अल्फ्रेड डेव्हिससोबत स्वतःचा धंदा थाटला. १९०८ मध्ये नाव नोंदवलं, रोलेक्स.

तेव्हा पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे. मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, असाच समज होता. एवढंसं यंत्र वेळ काय दाखवणार? हान्सने वाद घातला नाही, घड्याळ परीक्षेला बसवलं. १९१० मध्ये स्विस प्रमाणपत्र आणि १९१४ मध्ये इंग्लंडच्या क्यू वेधशाळेचं ‘अ’ वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं.

उरले खरे शत्रू, धूळ आणि पाणी. १९२६ मध्ये त्याने ‘ऑयस्टर’ आणलं. मागचं झाकण, काचेची कडा आणि चावी, सगळं आटे पाडून घट्ट बसवलेलं. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी पुन्हा एकदा इंग्लिश खाडीत उतरली, तेव्हा हे घड्याळ तिच्यासोबत होतं. थंडीमुळे तिला पोहणं अर्धवट सोडावं लागलं, घड्याळ मात्र चालूच! हान्सने लगेच ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. दुकानांच्या काचेत तर माशांच्या भांड्यात घड्याळं बुडवून ठेवली.

तरी एक गोची होतीच. किल्ली द्यायला चावी उघडायची आणि ती बंद करायला विसरलात, की पाणी आत. म्हणून १९३१ मध्ये हाताच्या हालचालीवर आपोआप किल्ली बसणारं यंत्र आलं. १९५३ मध्ये १०० मीटरवाली ‘सबमरीनर’ आली.

या माणसाचा सौदा विश्वासाचाही होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांत कैद असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याने घड्याळं पाठवली. पैसे? युद्ध संपल्यावर द्या! १९४४ मध्ये पत्नी गेली, मूलबाळ नव्हतं. त्याने स्वतःच्या नावाचं फाउंडेशन उभारलं आणि कंपनी त्याच्या हवाली केली. १९६० मध्ये जिनिव्हात तो गेला.

आता तुमचा प्रश्न. हान्सची धडपड पाणबुड्यांपासून नाही, रोजच्या मनगटापासून सुरू झाली होती. तुम्हीही आधी तुमचा दिवस बघा. ड्रेस वॉचवर बहुतेकदा ३० मीटर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ३० मीटर खोल बुडी मारा असा नाही. हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील, पोहणं नाही. घाम आणि पावसाने चामडी पट्टाही खराब होतो. रोज एसटीचा प्रवास, पावसात बाइक, धारेवर आंघोळ असं असेल, तर १०० मीटरवालं, आट्यांच्या चावीचं घड्याळ बघा. इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यालाच चामडी पट्टा लावता येतो. मात्र दुकानात फुल बाह्यांचा शर्ट घालून जा. बाही घड्याळावर अडकली, तर ते इंटरव्ह्यूतही अडकणारच!