हवेचे गणित मांडणारा अभियंता

विलिस हॅविलँड कॅरिअर हे नाव आज यंत्रावरच्या पाटीपुरते उरले आहे. वातानुकूलनाचे जनक असा त्यांचा गौरव होतो, तो रास्तच आहे. तथापि थंड हवेचे यंत्र तयार करणे एवढेच त्यांचे कार्य नव्हते. आधीच उभ्या असलेल्या वास्तूत, चालू असलेल्या कारखान्यात नेमके कोणते यंत्र, किती क्षमतेचे आणि कोणत्या पद्धतीने बसवावे, या प्रश्नाला अंदाजाच्या हातून सोडवून गणिताच्या हाती देणारे ते पहिले मोठे अभियंता होत.

न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात २६ नोव्हेंबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. ते आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. शाळेत अपूर्णांक काही केल्या उमजेनात, तेव्हा आईने सफरचंदे आणून त्यांचे अर्धे, पाव, अष्टमांश असे तुकडे केले आणि बेरीज-वजाबाकी मुलाच्या हाती दिली. अवघड प्रश्नाचे सोपे तुकडे पाडण्याचा हा धडा त्यांना जन्मभर पुरला. विलिस अकरा वर्षांचा असतानाच आईचे निधन झाले. पुढे शिष्यवृत्तीच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ साली ते अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि बफेलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला दहा डॉलर पगारावर रुजू झाले.

ही कंपनी पंखे आणि तापनयंत्रे बनवीत असे. लाकूड वाळवणे, कॉफी सुकवणे, कारखान्यात ऊब राखणे अशी कामे तिच्याकडे येत. त्यासाठी वाफेच्या नळ्यांची वेटोळी किती लांबीची हवीत, याचा मात्र कोणाकडेही भरवशाचा हिशेब नव्हता. यंत्र कमी पडू नये म्हणून ते गरजेपेक्षा मोठे घ्यायचे, ही रीत होती. कॅरिअर यांनी नळ्यांवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. किती वेगाने हवा फिरवली असता किती उष्णता मिळते, याचे तक्ते त्यांनी तयार केले. या तक्त्यांमुळे एकाच हिवाळ्यात कंपनीचे ४० हजार डॉलर वाचल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यातूनच कंपनीने त्यांच्यासाठी संशोधन विभाग सुरू केला.

१९०२ साली ब्रुकलिनमधील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची अडचण त्यांच्यासमोर आली. दमट दिवसांत कागद फुगे, कोरड्या दिवसांत आकसे. एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे आणि छापलेला माल वाया जाई. वर्षभर हवेतील आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर राखणे, ही खरी गरज होती. कॅरिअर यांनी प्रथम आर्द्रता शोषणारे क्षाराचे द्रावण वापरून पाहिले. परंतु क्षाराचे कण हवेत मिसळू लागल्याने तो मार्ग सोडून दिला. नंतर त्यांनी तापनयंत्राचीच कल्पना उलट केली. वेटोळ्यांतून वाफेऐवजी थंड पाणी सोडले, तर त्यावरून जाणारी हवा आपली वाफ टाकून देईल; नळ्यांचे तापमान दवबिंदूच्या हिशेबाने ठरवले म्हणजे आर्द्रताही हवी तेवढीच राहील. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेल्या त्यांच्या आराखड्यापासून आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ मानला जातो. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर दाट धुके पाहताना, थंड पाण्याच्या फवाऱ्याने हवा कोरडी करता येईल, हे त्यांना सुचले. वरकरणी विसंगत वाटणाऱ्या या कल्पनेचे पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले.

प्रत्येक कामात यश मिळाले, असे नाही. मिसुरीतील क्रिस्टल सिटी येथील काच कारखान्यात इंजिनाला पुरवला जाणारा वायू शुद्ध करणारे यंत्र त्यांनी बसवले. ते चालले, पण दिलेल्या हमीइतके नव्हे. कॅरिअर यांची झोप उडाली. मग त्यांनी वाईटात वाईट काय होईल, याचा विचार केला. यंत्र काढून न्यावे लागेल आणि कंपनीला २० हजार डॉलरचा फटका बसेल. ही शक्यता मनाने स्वीकारल्यावर ते शांतपणे चाचण्यांना बसले, आणि पाच हजार डॉलरची आणखी साधने जोडल्यास यंत्र चालेल, असे त्यांना आढळले. तसे केल्याने तोटा टळून कंपनीला १५ हजारांचा लाभ झाला. डेल कार्नेगी यांच्या चिंतेवरील १९४८ सालच्या प्रसिद्ध पुस्तकामुळे ही हकिगत जगभर गेली. वाचकांनी तिच्यातून चिंतामुक्तीचा मंत्र घेतला. अभियंत्यांनी घ्यायचा धडा मात्र वेगळा आहे. एका ठिकाणी चाललेले यंत्र दुसऱ्या परिस्थितीत तसेच चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

नॉर्थ कॅरोलिनातील सूतगिरणीच्या कामातून १९०६ साली त्यांना हेच पुन्हा दिसले. गिरणीत सूर्याच्या उष्णतेइतकाच फिरणाऱ्या चात्यांच्या उष्णतेचाही हिशेब धरावा लागतो. अशा अनुभवांचे सार काढून १९११ साली त्यांनी अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे हवा, उष्णता आणि आर्द्रता यांच्या संबंधांची सूत्रे मांडली. यंत्र निवडताना अभियंते आजही जो आर्द्रतेचा आलेख उघडतात, त्याचे मूळ या सूत्रांत आहे.

महायुद्धाची चाहूल लागताच बफेलो फोर्जने हा विभाग आवरता घेतला. तेव्हा सात अभियंत्यांनी एकत्र येऊन १९१५ साली कॅरिअर इंजिनीअरिंग कॉर्पोरेशनची स्थापना केली. आतापर्यंत ग्राहक कारखानदार होते. सामान्य माणसापर्यंत पोहोचायचे, तर दुकाने आणि नाट्यगृहे गाठायला हवी होती आणि तिथेच खरी अडचण होती. त्या काळची शीतयंत्रे अवजड असत आणि त्यांतील अमोनिया विषारी. माणसांनी भरलेल्या जुन्या इमारतीच्या तळघरात ती बसवणे धोक्याचे होते. कॅरिअर यांनी १९२२ साली केंद्रोत्सारी शीतयंत्र जगापुढे आणले. ते आटोपशीर होते आणि अमोनियाऐवजी त्यात डायलीन हे द्रव वापरले होते. १९२४ साली डेट्रॉइटमधील हडसन या भव्य दुकानाच्या तळघरात, जिथे सवलतीच्या दिवशी गर्दीत ग्राहक भोवळ येऊन पडत, तिथे अशी तीन यंत्रे बसली.

पुढची परीक्षा न्यूयॉर्कमध्ये झाली. टाइम्स स्क्वेअरचे रिव्होली चित्रपटगृह १९१७ सालचे. त्यात १९२५ साली यंत्रणा बसवायची होती. शहराचे सुरक्षा अधिकारी डायलीनला परवानगी देईनात. कॅरिअर यांनी त्यांच्याच कार्यालयात ते द्रव भांड्यात ओतून त्यात जळती काडी टाकली. स्फोट न होता ते संथपणे जळत राहिले आणि परवानगी मिळाली. हवा कुठून सोडायची, याचाही विचार झाला होता. पूर्वी काही नाट्यगृहांत खुर्च्यांखालून थंड हवा येई आणि प्रेक्षकांचे पाय गारठत. कॅरिअर यांचे सहकारी लोगन लुईस यांनी ती छतातून खाली सोडण्याची पद्धत रूढ केली. पहिल्या खेळाला प्रेक्षक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. भरलेले सभागृह थंड होण्यास वेळ लागला. मग एकेक पंखा हळूहळू थांबला. चित्रपटसम्राट ॲडॉल्फ झुकोर हे पाहण्यास स्वतः हजर होते.

अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे खिडक्या नसलेले सभागृह १८५७ पासून वापरात होते. १९२८ साली तेही वातानुकूलित झाले. पुढच्या वर्षी सिनेटचे झाले. गगनचुंबी इमारतींत रुंद हवानलिका मोलाची जागा अडवत. त्यावर कॅरिअर यांनी १९३९ साली उपाय आणला. अरुंद नळांतून वेगाने हवा न्यायची आणि खिडकीखालच्या छोट्या संचात थंड किंवा गरम पाण्याने तिचे तापमान साधायचे. म्हणजे यंत्रासाठी इमारत बदलायची नाही. इमारतीला मानवेल असे यंत्र घडवायचे.

७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ७३ व्या वर्षी कॅरिअर यांचे निधन झाले. घरोघरी वातानुकूलन यंत्र पोहोचण्याचा काळ त्यानंतरचा. त्यांनी वापरलेली द्रवेही मागे पडली. पुढे आलेल्या शीतकांनी ओझोनच्या थराला हानी केल्याचे उघड झाल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये त्यांना टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचे ठरले.

त्यांचा हिशेब मात्र कालबाह्य झालेला नाही. जुने यंत्र बदलताना आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो किती टनाचा. हा टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवण्याइतकी शीतनक्षमता. जुने दीड टनाचे होते म्हणून नवेही दीडचे, किंवा उन्हाळा वाढला म्हणून दोनचे, असा सौदा होतो. मुंबईसारख्या दमट शहरात गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून बंद पडते, आणि आर्द्रता काढून घेण्यास त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. खोली गार होते, पण ओलसरच राहते. आर-२२ वायूवरील जुन्या यंत्राचा फक्त बाहेरचा भाग बदलून नव्या वायूचा बसवणे हाही फसवा काटकसरीपणा ठरतो. कारण नव्या वायूचा दाब आणि वंगणाचे तेल निराळे असते. पश्चिमेची भिंत, वरची गच्ची, खिडकीची काच, खोलीतील माणसे आणि उपकरणे यांची मोजदाद आधी, यंत्राची निवड नंतर, हा क्रम कॅरिअर यांनी शतकापूर्वी घालून दिला. आज त्याचे मोल दरमहा येणाऱ्या वीजबिलात चुकते होत असते.