रेक्टर साने गुरुजी

एक कल्पना करून बघा. सकाळी तुम्ही घाईघाईत लेक्चरला गेलात. दुपारी परत आलात तर रूम झाडलेली, अंथरुणाची घडी घातलेली, कोपऱ्यात साठलेले कपडे धुऊन वाळत टाकलेले! आणि हे सगळं केलंय कोणी, तर खुद्द रेक्टर सरांनी! हसू आलं ना? पण असे एक रेक्टर आपल्या महाराष्ट्रात खरोखर होऊन गेले. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी.

खरं सांगायचं तर मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी म्हणजे पेपरापुरती. 'श्यामची आई' हे रडवणारं पुस्तक आहे एवढंच ऐकून होते, म्हणून लांबच राहिले. बारावीनंतरच्या सुट्टीत ते हातात आलं आणि मग त्या लेखकाचं आयुष्य वाचून काढलं. तेव्हा लक्षात आलं, की हा माणूस नुसता रडवणारा नव्हता. मुलांना वाचायची गोडी कशी लावायची, याचं जणू प्रॅक्टिकलच तो आयुष्यभर करत होता.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणं एकेकाळचं खोताचं, पण गुरुजींच्या लहानपणी गरिबी आलेली. शिकायचं तर होतं, पैसे नव्हते. म्हणून ते औंध संस्थानात गेले, तिथे हाताने स्वयंपाक करून शिकले, आणि पुढे पुण्याला आले. १९१७ मध्ये आई गेली. हे दुःख त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. पुण्यात बी.ए. झाल्यावर तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला ते खानदेशात अमळनेरला गेले आणि एम.ए. झाले.

पुस्तकांची भूक म्हणजे काय, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. 'श्यामची आई'मध्ये 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाची गोष्ट आहे. छोटा श्याम घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे चोरतो. कशासाठी? खाऊसाठी नाही, सिनेमासाठी नाही, तर पुस्तकं घेण्यासाठी! आज आपल्या मोबाईलमध्ये शेकडो पुस्तकं फुकट पडून असतात आणि आपण ती उघडतही नाही. असो.

१९२४ साली गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. त्यांच्याकडे शाळेच्या छात्रालयाचं, म्हणजे हॉस्टेलचं काम आलं. घरापासून लांब आलेली ती पोरं. गुरुजी त्यांच्या खोल्या आवरायचे, कपडे धुवायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. आणि त्याच्या जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात मोठी वाटते. त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. मासिक नव्हे हं, दैनिक! शाळेचं काम सांभाळून हा माणूस रोज हाताने लिहायचा, आणि मुलांना नवं काहीतरी वाचायला मिळायचं. आपल्याला एका जर्नलची चार पानं लिहायची तर हात दुखतो! १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही काढलं.

विचार करा, 'वाचा रे वाचा' म्हणून भाषण देणं किती सोपं होतं. गुरुजींनी त्यापेक्षा मुलांना वाचावंसं वाटेल असं काहीतरी रोज त्यांच्यासमोर ठेवलं. आपल्यासाठी कोणीतरी मुद्दाम लिहिलंय, हे कळल्यावर कुठला मुलगा वाचणार नाही?

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. मग तुरुंगवास सुरू झाला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे कैदी भेटले, तर गुरुजींनी तमिळची ओळख करून घेतली आणि पुढे 'कुरल' हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनीच लिहून घेतली. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी 'श्यामची आई'चा मोठा भाग लिहून काढला. १९३५ मध्ये ते पुस्तक छापून आलं.

या पुस्तकात 'प्रकरण पहिलं, प्रकरण दुसरं' असं नाही. 'रात्र पहिली, रात्र दुसरी' असं आहे. कारण श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना एकेक आठवण सांगतोय. म्हणजे आपण वाचत असतो, पण वाटतं ऐकतोय. मला वाटतं, वाचनाची सुरुवात अशीच होते. आधी कोणीतरी सांगतं, मग आपण स्वतः पुस्तक उघडतो.

परदेशातली मोठी पुस्तकंही त्यांनी मुलांसाठी सोप्या मराठीत आणली. ह्यूगोची 'ले मिझराब्ल' ही कादंबरी 'दुःखी' या नावाने आली, तर जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' झाली 'मनूबाबा'. शाळेत 'सायलस मार्नर' आम्ही परीक्षेपुरतं वाचलं होतं. तोच विणकर मराठीत भेटला तेव्हा कुठे मला तो आवडला!

गुरुजी नुसते गोष्टी सांगणारे नव्हते. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, ते आजही निघतं. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रं 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत.

पण ही गोष्ट गोड शेवटाची नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण लपवणंही बरोबर वाटत नाही. दुसऱ्यांच्या उशाशी बसणारा माणूसही आतून थकलेला असू शकतो. म्हणून आपल्या विंगमधला कोणी दोन दिवस मेसला दिसला नाही, तर त्याचं दार वाजवून बघा. गुरुजी रेक्टर असते तर त्यांनी तेच केलं असतं.

त्यांच्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी 'साने गुरुजी कथामाला' सुरू केली आणि मुलांना गोष्टी सांगण्याचं काम पुढे चालू राहिलं.

मागच्या सुट्टीत मी भाईंदर पूर्वेला घरी होते. एका संध्याकाळी लाईट गेले. बिल्डिंगमधली सगळी पोरं जिन्यात जमली, कोणाच्याच मोबाईलला चार्जिंग नाही. मी त्यांना श्यामच्या चोरीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी लाईट असूनही ती पोरं आली! तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "ताई, ते पुस्तक देशील?" इंग्लिश मीडियमची मुलगी, ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचते. पुस्तक अजून तिच्याकडेच आहे आणि मी ते परत मागणार नाही.

रेक्टर सरांनी आमचे कपडे धुवावेत अशी आमची मुळीच मागणी नाही! पण मेसच्या नोटीस बोर्डावर मेनूच्या शेजारी रोज एक हाताने लिहिलेला कागद लावायला काय हरकत आहे? एखादी गोष्ट, एखाद्या पुस्तकाची ओळख, कुठल्याही भाषेतली. पहिल्या आठवड्याचे सात कागद मी लिहीन. आठवा कोण लिहिणार?