कॉम्प्युटरवर मराठी टाइप केलं की जी अक्षरं दिसायची, ती र. कृ. जोशींनी घडवली होती

साल २००० च्या आधीचा काळ आठवा. परभणीच्या एखाद्या ऑफिसात मराठीत पत्र टाइप व्हायचं, फ्लॉपीत जायचं आणि मुंबईला पोहोचायचं. तिथं ते उघडल्यावर मराठीच दिसेल याची मात्र गॅरंटी नसायची. परभणीत वापरलेला फॉन्ट मुंबईच्या मशीनवर नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची नुसती खिचडी.

कारण साधं होतं. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे आणि प्रत्येक कंपनीची बसवायची तऱ्हा वेगळी.

यावर उपाय करायचा तर दोन गोष्टी लागणार होत्या. एक म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. ते काम युनिकोडने केलं. दुसरी म्हणजे कॉम्प्युटरसोबत आधीपासूनच येणारा, म्हणजे डिफॉल्ट, असा देवनागरी फॉन्ट.

आता हे डिफॉल्ट प्रकरण साधं वाटतं, पण तसं नाही. युनिक्स घराण्यातल्या सिस्टिममध्ये टर्मिनल उघडलं की कुठला शेल समोर येणार, हे कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं. अॅपलने २०१९ मध्ये मॅकवर बॅशच्या जागी झी-शेल डिफॉल्ट केला. ज्याला पटलं नाही त्याला बदलायची मुभा होती. पण बहुतेक माणसं मिळालं ते वापरतात. म्हणूनच डिफॉल्ट ठरवणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. त्याची निवड लाखो लोकांची सवय होऊन बसते.

देवनागरीच्या बाबतीत ही जबाबदारी एका मराठी माणसाकडे आली. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये त्यांनी उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि पुढे जाहिरातीच्या धंद्यात उतरले. उल्का या जाहिरात संस्थेत ते कला दिग्दर्शक होते. पण त्यांचा खरा जीव अक्षरात. ते कवी होते आणि त्यांच्या कवितेत अक्षर नुसतं वाचायचं नसायचं, चित्रासारखं बघायचंही असायचं. मराठीत मूर्त कवितेचं नाव निघालं की जोशींचं नाव येतंच.

१९८० च्या दशकात ते पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी अक्षराकडे बघायला शिकवलं. भारतातल्या वेगवेगळ्या लिप्यांना जोडणारी एक सामाईक लिपी असावी म्हणून त्यांनी देशनागरीची कल्पना मांडली. मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत संगणक शास्त्रज्ञांसोबत काम करताना विन्यास तयार झालं. कॉम्प्युटरवर अक्षरांचे आकार घडवण्यासाठीची ही प्रणाली.

पुढे मायक्रोसॉफ्टला विंडोजमध्ये भारतीय भाषा आणायच्या होत्या, आणि देवनागरी फॉन्ट जोशींच्या देखरेखीखाली तयार झाला. त्याचं नाव मंगल. मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत त्यावर टाइप डायरेक्टर म्हणून रघुनाथ जोशी आणि त्यांच्यासोबत विनय सायनेकर यांचं नाव आहे. विंडोज २००० मध्ये मंगल आला.

बोरूने लिहिलेलं देवनागरी अक्षर कुठं जाड, कुठं बारीक असतं. त्याचं सौंदर्य त्यातच. पण तेव्हाच्या मॉनिटरवर एका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके यायचे. त्यात बारीक रेघ गायब व्हायची आणि जाड रेघेने अक्षराचं पोट भरून जायचं. त्यामुळे मंगलची रेघ बरीचशी एकसारखी आहे आणि अक्षरांची पोटं मोकळी आहेत. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, या सगळ्यांना जागा हवी म्हणून मंगल लावला की दोन ओळींतलं अंतरही वाढतं.

शिवाय देवनागरीत अक्षरं नुसती ओळीत ठेवून भागत नाही, ती एकमेकांना जोडायची असतात. क आणि ष जोडले की क्ष. मराठीत तर दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. र जोडायची पद्धत चुकली की अर्थच बदलतो. हे जोडकाम कसं करायचं त्याचे नियम फॉन्टच्या आतच भरावे लागतात.

मंगलपाठोपाठ विंडोजमधल्या इतर भारतीय लिप्यांच्या फॉन्टवरही जोशींचं काम राहिलं. तमिळचा लता, तेलुगूचा गौतमी, गुरुमुखीचा रावी ही त्यातली काही नावं.

पण प्रत्येकाकडे विंडोज नव्हतं. लिनक्स वापरणाऱ्यांनाही भारतीय लिप्या हव्या होत्या. एनसीएसटीत, म्हणजे नंतरच्या सी-डॅक मुंबईत, जोशींच्या मार्गदर्शनाखाली रघू नावाची फॉन्टमालिका तयार झाली. ती मुक्त परवान्याखाली असल्याने कुणालाही वापरता, वाटता आणि बदलता येत होती.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जोशींचं निधन झालं.

२०१२ च्या विंडोज ८ पासून मंगलची डिफॉल्ट जागा निर्मला यूआय या नव्या फॉन्टने घेतली. तरीही टायपिंगच्या क्लासमध्ये आजसुद्धा युनिकोड मराठीला सरळ मंगल म्हणणारे भेटतात. एका फॉन्टचं नाव सगळ्या पद्धतीचं नाव होऊन बसलंय.

आज जिंतूरहून पाठवलेला मराठी मजकूर मुंबईत काय, अमेरिकेतही जसाच्या तसा वाचता येतो. त्यामागे युनिकोड आहे, अनेक शास्त्रज्ञ आणि कंपन्या आहेत. आणि त्यात, कित्येक वर्षं रोज डोळ्यासमोर असूनही नावाने फारसा माहीत नसलेला एक मराठी कवीही आहे.