चार्ल्स बॅबेज : न बांधल्या गेलेल्या संगणकाचे जनक

स्मृती, प्रक्रियक, माहिती आत घेणारी व बाहेर देणारी साधने आणि या साऱ्यांना कामाला लावणारी आज्ञावली, ही संगणकाच्या घटकांची यादी आज शाळकरी मुलेही घडाघडा म्हणून दाखवतात. मात्र विजेचे दिवेही नव्हते त्या काळात चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने हीच विभागणी दातेरी चाकांच्या रूपात कागदावर उतरवली होती.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये एका सधन बँकव्यावसायिकाच्या घरी झाला. शिक्षण केंब्रिजला झाले. त्या काळी खलाशी ज्या गणिती कोष्टकांच्या भरवशावर जहाज हाकत, ती हाताने तयार होत; आकडेमोडीत चुका होत, छपाईत आणखी भर पडे. हे काम यंत्राकडे सोपवावे म्हणून बॅबेज यांनी १८२२ मध्ये ‘डिफरन्स इंजिन’चे लहान प्रारूप तयार केले. पुढच्याच वर्षी सरकारी मदत सुरू झाली. १८२७ मध्ये वडील, पत्नी जॉर्जियाना आणि दोन मुलगे यांचे निधन झाले. पुढे कुशल कारागीर जोसेफ क्लेमंट यांच्याशी बिनसले आणि १८३३ मध्ये काम थांबले.

बॅबेज यांची खरी झेप त्यानंतरची. १८३४ पासून ते ‘अॅनॅलिटिकल इंजिन’च्या आराखड्यात गुंतले. आकडे साठविणाऱ्या भागाला त्यांनी ‘स्टोअर’ म्हटले, तर आकडेमोड करणाऱ्या भागाला ‘मिल’. कोठारातून माल काढावा, गिरणीत त्यावर प्रक्रिया करावी आणि तो परत कोठारात ठेवावा, तसाच हा व्यवहार. उत्तर छापण्याचीही सोय होती. रेशमी नक्षी विणणाऱ्या जाकार्ड मागाची छिद्रे पाडलेली पत्रे त्यांनी यंत्राला हुकूम देण्यासाठी योजली. पत्रे बदलली की, एकही चाक न हलवता यंत्राचे काम बदलणार होते. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर वेगळे झाले ते इथे. एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांत बर्नुली संख्या काढण्याची क्रमवार कृतीच दिली.

पण यंत्र उभे राहिले नाही. सतरा हजारांहून अधिक पौंड खर्चूनही जुने यंत्र अपुरेच राहिल्याने पील सरकारने १८४२ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. दोष केवळ सरकारला देता येणार नाही. हातातले पुरे होण्याआधी त्याहून सरस काही सुचणे, हा बॅबेज यांचा स्वभाव होता. उतारवयात रस्त्यावरच्या वादकांशी त्यांनी मांडलेले भांडण लंडनकरांच्या थट्टेचा विषय ठरले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आराखडे चुकीचे होते काय? लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्यांच्याच रेखाटनांवरून दुसऱ्या ‘डिफरन्स इंजिन’चा गणिती भाग १९९१ मध्ये उभारला आणि तो बिनचूक चालला. छपाईचा भाग २००२ मध्ये पूर्ण झाला. ‘अॅनॅलिटिकल इंजिन’च्या ‘मिल’चा काही अंश त्यांचे पुत्र हेन्री यांनी १९१० मध्ये तयार केला होता, ते यंत्र संपूर्ण स्वरूपात आजवर कोणीही बांधलेले नाही.